साच्यातल्या ओळींचा निरोपसमारंभ

नागिसाच्या हाती साचा आला तो मंगळवारी, आणि बुधवारी दुपारपर्यंत तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

साचा म्हणजे जपानमधल्या कानाझावाच्या एका मुलींच्या शाळेतल्या प्रसारण मंडळाचा प्रॉम्प्ट. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांत स्पीकरवरून निवेदन जायचं. ते लिहून द्यायला एआय होता, आणि त्यानं कसं लिहायचं हे सांगायला हा साचा. रिकाम्या चौकटीत त्या दिवशीची बातमी टाकली की झालं! पण शाळा सोडून जाणारी प्रत्येक सेंपाई, म्हणजे वरच्या वर्गातली ताई, जाताना साच्यात आपली एक ओळ ठेवून जाई. आणि सेंपाईची ओळ पुसायची? त्यापेक्षा तिच्या डब्यातला शेवटचा घास पळवलेला परवडला.

ऑफिसातून चिठ्ठी आली होती: उद्या बर्फामुळे बन विकणाऱ्या काकूंची गाडी मागच्या फाटकाशी उभी राहील. नागिसानं ती चौकटीत टाकली. उत्तर धो धो वाहत आलं.

"आदरणीय श्रोत्यांनो, आमच्या आवाजाने आपल्या घासात व्यत्यय आला, आम्ही लवून क्षमा मागतो. शाळेचं कासव आज प्रसन्न आहे. त्यानं कोबीचं पान खाल्लं आणि खिडकीबाहेर पाहून विचार केला. आभाळातून बर्फ खालच्या दिशेनं आपल्या भेटीस आला आहे..."

परीक्षेच्या दिवसांत 'पडणं', 'घसरणं' असले अपशकुनी शब्द नकोत, ही एका सेंपाईची ओळ. म्हणून बर्फ पडत नव्हता, भेटीस येत होता. पुढे व्हॉलीबॉल संघाचं कौतुक, मग आधीची क्षमा अपुरी वाटली असल्यास तिच्याबद्दल क्षमा. नागिसानं सगळं मोठ्यानं वाचून पाहिलं; बन आला तो सगळ्यात शेवटी.

"अकरा मिनिटं," घड्याळ दाबत इबुकी म्हणाली. ती नागिसाच्याच वर्गातली, मंडळाची बटणं आणि वायरी तिच्याकडे. "तोवर काकू घरी जाऊन, आंघोळ करून झोपल्या असतील."

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच ते. मंडळ सांभाळणाऱ्या कुरोइवा सरांनी सकाळीच बजावलं होतं, "उद्याचं निवेदन एका मिनिटात आटपलं नाही, तर सोमवारपासून ती वेळ बासरी मंडळाला." बासरी मंडळाला! ज्यांना एकच चाल येते, तीही अर्धी! आणि नागिसा? वर्गात हजेरीलासुद्धा जिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचत नसे, त्या नागिसाला या माईकनं आवाज दिला होता. माईक गेला की पुन्हा ती मुकी बाहुली.

तिनं साच्याच्या तळाशी लिहिलं, 'थोडक्यात लिही.' आता थोडक्यात लिहिल्याबद्दल चार परिच्छेद क्षमा आली.

"पूस ना सरळ!" इबुकी म्हणाली.

"तू पूस."

"मी? माझी बहीण सेंपाई होती इथली. घरी जेवायला नाही मिळणार मला!"

शेवटी नागिसानं कासवाच्या ओळीच्या धनीणबाईंना, मिझुहो सेंपाईंना, फोन लावला. त्या आता ओसाकाला शिकत होत्या.

"सेंपाई, ते कासव..."

"कसलं कासव गं?"

"रोज त्याच्या तब्येतीची बातमी द्यावी, अशी तुमची ओळ आहे."

"अय्या! ते त्या एका दिवसापुरतं होतं गं! प्रयोगशाळेतलं कासव आजारी होतं ना तेव्हा."

"मग आता कुठंय ते?"

"गेलं की. त्याच आठवड्यात."

नागिसाचा हात तोंडावर गेला. म्हणजे इतकी वर्षं अख्खी शाळा मेलेल्या कासवाची खुशाली ऐकत जेवत होती!

"मग... पुसू का ती ओळ?"

"पूस म्हणजे... तशी माझी काही हरकत नाही..."

असल्या लांबट सुरातल्या 'हरकत नाही'चा अर्थ नागिसा जन्मापासून ओळखून होती. ओळीला हात लावायचा नाही.

ती हताश होऊन खिडकीशी उभी राहिली. समोरच्या सभागृहात निरोपसमारंभाची तालीम चालली होती. एकेक नाव पुकारलं जाई, मुलगी "हजर!" म्हणून उठे, लवे, दोन्ही हातांनी प्रमाणपत्र घेई.

"इबुकी! सेंपाईंना शाळेतून कुणी हाकलतं का गं?"

"छे! त्या पास होऊन जातात."

"मग!"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी प्रसारण कक्षात नाटक मंडळाचा लाल-पांढरा पडदा लागला. नागिसा गणवेशाची सगळी बटणं लावून उभी. ती एकेक ओळ खणखणीत वाचायची, ओळीच्या वतीनं इबुकी "हजर!" म्हणून उठायची, कमरेत वाकायची, प्रमाणपत्र घ्यायची. कासवाच्या ओळीला तर ती हमसून हमसून रडली.

"रडतेस काय, वेडे? वाक्य आहे ते!"

"माझ्या डोळ्यांदेखत मोठं झालं गं!"

सगळ्या ओळी 'माजी विद्यार्थिनी' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसल्या. फोटो ओसाकाला गेले. लगेच मिझुहो सेंपाईंकडून रडक्या इमोजींची रांग आली आणि खाली, "माझ्या ओळीचा केवढा मान ठेवलास गं!"

मधली सुट्टी झाली. उरलेल्या साच्यातून आलेला कागद नागिसानं माईकपुढे धरला.

"बर्फामुळे बनची गाडी आज मागच्या फाटकाशी आहे. घसरू नका. धन्यवाद."

संपलं. इबुकीला घड्याळ दाबायचीही उसंत मिळाली नाही.

दोघी कान देऊन बसल्या. आता पळापळ व्हायला हवी होती, पण जिन्यात एकही पाऊल वाजेना. इबुकी दार किलकिलं करून बघून आली. "अगं, सगळ्या जणी जेवणाच्या काड्या हातात धरून बसल्यात! निवेदन सुरू व्हायची वाट बघतायत!"

आता यापुढचं काही कागदावर नव्हतं. साच्यातही नव्हतं. नागिसानं माईक ओढला आणि पोटातून ओरडली,

"अहो, झालं! एवढंच होतं! पळा!"

अख्खी इमारत गडगडली.

थोड्या वेळानं कुरोइवा सर आले. हातात नूडल भरलेला बन, अर्धा खाल्लेला.

"उत्तम. वेळ तुमचीच," ते म्हणाले. पण जाईनात. दाराशी घुटमळत राहिले. शेवटी घसा खाकरून हळूच म्हणाले, "ते... कासव? आज त्याचं काहीच कळलं नाही."

नागिसानं इबुकीकडे पाहिलं. इबुकीनं छताकडे.

"सर, ते... ते पास होऊन गेलं."

"अरे वा!" सरांचे डोळे पाण्यानं भरले. बन तसाच हातात राहिला. "कुठल्या कॉलेजात?"