कारेनच्या नावापुढची नोंद

नव्वदाव्या वर्षी मालनबाईंनी नातीकडं एकच गोष्ट मागितली. त्यांना आपल्या आजीचं नाव हवं होतं. आजी डेन्मार्कची. मालनबाईंची आई कारेन तिकडून नर्स म्हणून जालन्याच्या मिशन दवाखान्यात आली आणि १९२९ साली तिनं तिथल्या कंपाउंडरशी, तातेरावांशी लग्न केलं. त्यानंतर तिला माहेरचं एकही पत्र आलं नाही.

नात अर्पिता जाफराबादच्या शाळेत गणित शिकवते. डेन्मार्कमधल्या चर्चची जुनी दप्तरं इंटरनेटवर बघायला मिळतात, हे तिनं शोधून काढलं. जालन्याच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत कारेनची जन्मतारीख होती, गावाचं नाव मात्र कानाला ऐकू आलं तसं मराठीत लिहिलेलं. त्याच्याशी जुळणारी तीन गावं निघाली. दिवाळीच्या सुट्टीत अर्पितानं तिन्ही गावांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळल्या. तिसऱ्या गावात १८९७ सालच्या पानावर तारीख जुळली. अक्षर मात्र लागेना. तिनं पानाचा फोटो तिकडच्या इंगर नावाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंना पाठवला. अशी वळणं वाचून द्यायचं काम त्या हौसेनं करतात.

चार दिवसांनी उत्तर आलं. कारेनच्या आईचं नाव मारेन, बाप रासमुस, सुतार. समासात दुसऱ्या शाईनं एक ओळ होती: ‘१९२९, हिंदुस्थानात मृत.’

अर्पितानं दोन दिवस ही ओळ सांगितली नाही. शेवटी रविवारी आजीला सगळं वाचून दाखवलं.

मालनबाईंनी आधी ‘मारेन’ दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, “आई अडुसष्ट साली गेली. मी उशाशी व्हते. एकोणतीस साली तर तिचं लगीन झालतं.”

“म्हणूनच लिहिलं असंल, आज्जी.”

“बापानं सांगितलं का पाद्र्यानं आपल्या मनानं लिहिलं?”

हे वहीत नव्हतं. अर्पितानं इंगरबाईंना विचारलं. त्यांनाही सापडलं नाही. एवढंच कळलं, की बाप १९४१ साली वारला आणि मारेन त्याच्या आधीच गेली होती.

मालनबाईंनी समासातली ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “आई गेल्याची खरी तारीख त्यांना कळीव. बराबर लिहून कळीव.”

अर्पितानं जालन्याच्या चर्चमधून कारेनच्या दफनाच्या नोंदीची सहीशिक्क्याची नक्कल घेतली, इंग्रजी भाषांतर जोडलं आणि पाठवून दिलं. जुनी वही बदलता येत नाही, असं तिकडच्या चर्चच्या कचेरीनं कळवलं. पण गावच्या इतिहास मंडळानं ती नक्कल रासमुस सुताराच्या कुटुंबाच्या कागदांत लावून घेतली. इंगरबाईंनी त्याचा फोटो पाठवला. नकलेखाली त्यांनी अर्पितानं कळवलेली कारेनच्या नवऱ्याची आणि तिच्या चार लेकरांची नावं डॅनिशमध्ये लिहिली होती.

अर्पितानं फोनवरचा फोटो मोठा करून धरला. मालनबाईंनी त्यात आपलं नाव कुठं आहे ते विचारलं, आणि तिनं दाखवलं तिथं बोट ठेवलं.