बरोबर साठ ग्रॅम

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर बाजारातली वजनमापं तपासली. वस्तू नुसती तळहातावर घेतली की तिचं वजन ते सांगत, आणि मग काट्यावर ठेवून समोरच्याचं तोंड बघत बसत. आकडा चुकायचा नाही. दुकानदार त्यांना समोर 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागे 'काटा'. काटा गल्लीत शिरला म्हटलं की अर्ध्या बाजाराचे तराजू आपोआप सुधारायचे. निवृत्तीनंतर तपासायला बाजार उरला नाही, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा आमच्या स्वयंपाकघराकडे वळवला.

निमित्त होतं सासूबाईंच्या साखरेचं. इतकी वर्षं गोळ्यांवर भागत होतं, ते त्या वर्षी इन्सुलिनच्या सुईवर गेलं. त्यांच्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार होता. तिचा आधी अंगठा गेला, मग पाय, मग डोळे, आणि मग ती. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिच्या उशाशी सासरेच बसायचे. एका संध्याकाळी ते घरी आले, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हिचं मी असं होऊ देणार नाही." माणूस घाबरला होता. बायकोवर जीव होता म्हणूनच घाबरला होता, हे मी आजही नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी ते नवा काटा घेऊन आले. पाव काट्यावर, डाळ काट्यावर, बटाटा तर सोलण्याआधी एकदा आणि सोलल्यावर एकदा. घरातली साखर गेली, मध गेला, मुरंबा गेला. माझी बिस्किटंसुद्धा गेली. मला काय धाड भरली होती? पण माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे, बाबांचं डोकं शांत राहील." त्याला म्हणायला काय जातंय, तो सकाळी जातो तो रात्री उगवतो. मी घरीच कपड्यांची दुरुस्ती करते, दिवसभर तो काटा माझ्या कानाशी खडखडायचा. चहात साखर हवी तर मी कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचे, लपूनछपून, दारुड्यासारखी.

खोटं कशाला बोलू, म्हातारबुवांच्या हाताला चव होती. मसुराचं सूप, भाजलेला कोबी, अंड्यात परतलेला पालक, सगळं कसं नेटकं. भाजी सासूबाईंच्या परसातली. परस त्यांचं, स्वयंपाकघर सासऱ्यांचं आणि उंबऱ्यावर मी, असा आमचा कारभार होता. सासूबाई भोपळा घेऊन आत यायच्या आणि सासरे त्यातला कितवा हिस्सा त्यांच्या वाट्याला येणार याचा हिशोब सांगायचे. "मी लावला, मी पाणी घातलं, मीच तोडला," त्या मला म्हणायच्या. "आणि मला मिळणार फोडी तीन. बाजारातले लोक निदान लाच देऊन सुटायचे गं. मला तीही सोय नाही."

पानगळ सुरू झाली की सासूबाईंचं सकाळी घरात लक्ष लागत नसे. वाळलेले वेल ओढून काढायचे, पानं खराट्याने गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात लोटायची, माती खणून मोकळी करायची आणि थंडीच्या आधी लसूण लावायची. बुटक्या, जाड्या, गुडघे दुखणाऱ्या बाई, पण हातात कुदळ आली की दहा वर्षांनी लहान व्हायच्या. सासऱ्यांनाही हे पसंत होतं. कष्टाने साखर उतरते, असं ते कौतुकाने सांगायचे. किती उतरते, ते मात्र काट्यावर दिसत नव्हतं.

तो डबा त्यांना सुतळी शोधताना सापडला. परसाच्या कोपऱ्यातल्या खोपीत, बियांच्या पाकिटांच्या मागे, लिंबाच्या गोळ्यांचा पत्र्याचा गोल डबा. भरलेला. सासरे तो हातात धरून आत आले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी जुना झाला होता, बाजारातला. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

"हे काय आहे?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि लाजल्याबिजल्या नाहीत. "औषध आहे," त्या म्हणाल्या. "नर्सबाईंनी सांगितलंय. सुई घेणाऱ्याने गोड जवळ ठेवायचं. साखर एकदम उतरली तर."

"उतरेल कशाला? मी मोजतो ना."

"तुम्ही मोजता हो. पण एखाद्या दिवशी उतरलीच तर?"

"माझं माप चुकत नाही." हे ते ओरडून बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "तुझी बहीणसुद्धा औषधच म्हणायची. उशीखाली पेढ्यांचा डबा असायचा तिच्या. मी पाहिलाय."

सासूबाईंचा हात शेंगांवर थांबला. बहिणीचं नाव काढलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं, आणि हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "बाबा, निदान चार गोळ्या राहू द्या. मी ठेवते माझ्या मशीनच्या खणात."

"तू तिची बाजू घेऊ नकोस. लाड केले की काय होतं ते मी त्या दवाखान्यात बघितलंय, तू नाही."

ते परसात गेले आणि अख्खा डबा कंपोस्टच्या खड्ड्यात उपडा केला. वर खराट्याने पानं ओढली. रिकामा डबा घासून आत आणला, खिळे ठेवायला. वाया काही घालवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर तपासली तर आकडा जरा वर होता. रात्रभर बाई जागी, रागाने कूस बदलत होती, वर जाईल नाही तर काय. पण सासऱ्यांना पुरावा मिळाला. "बघ, गोळ्या," ते म्हणाले, आणि सकाळचा पाव साठ ग्रॅमवरून तीसवर आणला. सासूबाईंनी नेहमीसारखी सुई टोचून घेतली, नेहमीएवढीच, तो एवढासा तुकडा खाल्ला आणि कुदळ घेऊन बाहेर गेल्या.

रागावलेला माणूस जास्त खणतो. माझी मशीन परसाच्या खिडकीशी आहे, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. एरवी दोन दिवसांत करायच्या त्या वाफ्याला त्या एका दमात भिडल्या होत्या. आत सासरे दुपारच्या जेवणाची नव्याने जुळवाजुळव करत होते. भोपळा बाद, त्याच्या जागी कोबी, मग डाळ किती, मग पाव किती. सगळं कापून झालं होतं आणि वाट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवलं होतं. चुलीवर मात्र अजून काही चढलं नव्हतं. जेवणाची वेळ टळून गेली. मी विचारलं तर म्हणाले, "होतंय. घाई केली की चुकतं."

मी एका कोटाचं अस्तर शिवत होते. मान वर केली तर सासूबाई लसूण लावत होत्या. एकेक पाकळी मातीत खोचत होत्या, शेंडा खाली आणि बुडखा वर. मला वाटलं मीच चुकीचं बघतेय. लसूण उलटी लावणारी बाई ती नव्हे. मला या घरात आल्यावर पहिली शिवी त्यांनी याच कारणावरून दिली होती. मी खिडकीतून हाक मारली, "आई, उलटी लागतेय लसूण!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ती नजर माझ्यापर्यंत पोचली नाही. मग त्या उठल्या आणि झोकांड्या खात खोपीकडे गेल्या.

मी कोट टाकून बाहेर पळाले. सासरे स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभे होते. खोपीतून बियांची पाकिटं बाहेर पडत होती, एकामागून एक. सासूबाई फळीवर काहीतरी चाचपडत होत्या. मानेवरून घामाच्या धारा, आणि हवा तर स्वेटर घालावा अशी.

"डबा," त्या म्हणाल्या. "डबा कुठाय? डबा."

"आता पुरे कर," सासरे दारातूनच म्हणाले. "रुसायचं तेवढं रुसलीस. डबा गेला. विसर तो."

"बाबा, त्या रुसल्या नाहीयेत!" मी ओरडले. "त्यांची साखर उतरलीये!"

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी आधी मागे वळून स्वयंपाकघरात पाहिलं. ओळीने मांडलेल्या त्या वाट्यांकडे. जणू त्यातली कोणती चुकली ते शोधत होते.

सासूबाई माझ्या अंगावर कोसळल्या. मी त्यांना धरून खाली बसवलं, "काहीतरी गोड आणा, काहीही," म्हणून किंचाळले, आणि माझ्याच तोंडून शब्द निघता निघता मला आठवलं. त्या घरात गोड काही नव्हतंच. सासऱ्यांनी दूध आणलं. पेला त्यांच्या ओठांना लावला तर दूध हनुवटीवरून पदरावर ओघळलं. गिळणं थांबलं होतं. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, त्यांना कुशीवर वळवा, तोंडात पातळ काही घालू नका, साखर किंवा मध असेल तर बोटावर घेऊन हिरड्यांना लावा. मी म्हटलं, नाहीये. ती म्हणाली, थोडीशी तरी असेलच, घरात बघा. मी पुन्हा म्हटलं, नाहीये. कोणत्या तोंडाने सांगणार होते तिला, की आमच्याकडे साखर ठेवत नाहीत, आमच्याकडे साखरेचा आजार आहे.

शेजारी कुलूप होतं. टपरीपर्यंत पळायचं तर त्यांना सोडून कोण जाणार? सासऱ्यांना म्हणावं म्हणून वळले, तर ते कंपोस्टच्या खड्ड्यात होते. गुडघ्यांपर्यंत आत. खराटा नाही, फावडं नाही, दोन्ही हातांनी पानं, भाज्यांची देठं, अंड्यांची टरफलं उपसून मागे फेकत होते, आणि तोंडाने "इथेच, इथेच टाकल्या" एवढंच चाललं होतं. रात्री दव पडलं होतं. खालच्या ओलीत गोळ्या अर्ध्याअधिक विरघळल्या होत्या आणि उरलेल्यांना मुंग्यांनी गाठलं होतं. चिखलाचा एक चिकट गोळा घेऊन ते आले. एका गोळीवरची माती त्यांनी स्वतः चाटून थुंकली, गोळी बोटाने चुरडली आणि बायकोच्या हिरड्यांवर चोळत बसले. "अगं गोड आहे," म्हणत होते. "चव तर घे. अगं, गोड आहे."

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हाही ते चोळतच होते. त्या लोकांना त्यांचा हात धरून बाजूला करावा लागला.

सासूबाई वाचल्या. लोक म्हणतात, वाचल्या हे काय थोडं झालं. चालतात, उठतात, बसतात. पण डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू फार वेळ उपाशी राहिला, गेलं ते परत येईलच असं नाही. परसाच्या दारात नेलं तर त्या दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारख्या बघतात. लसणीचा गड्डा हातात दिला तर फिरवून फिरवून पाहिला आणि मला परत दिला. मला कधी कधी त्या आपली बहीण समजतात आणि माझ्या पायांकडे बघून हसतात, दोन्ही आहेत म्हणून.

सासऱ्यांनी काटा भंगारात दिला. आता घरात जिथे हात घालाल तिथे साखर आहे. खिडकीत, अंथरुणाशी, मशीनच्या खणात, त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात. मुंग्यांनी घराचा ताबा घेतलाय. मी एक शब्द बोलत नाही. त्या दिवशीचं सगळं मनात होतं, दवाखान्याच्या बाकावर त्यांना काय काय सुनवायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं. पण त्यांच्या नखांतली ती खड्ड्यातली माती बघून माझं धाडस झालं नाही, आणि राग जिरलाही नाही. तो आहे तिथेच आहे.

घरी आणलं त्या दिवशी सासऱ्यांनी मसुराचं सूप केलं, पाव कापला आणि ताट सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी पावाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मोजलंत का?" त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून आल्यावर त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

"आता मोजायचं नाही गं," सासरे म्हणाले. "हवं तेवढं खा."

त्यांनी ओठ मिटून घेतले. मी भरवायला गेले तर मान फिरवली. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. मी पाव दिला, माझ्या नवऱ्याने दिला, गोड गोड बोलून झालं, रागावून झालं. "मोजलंत का?" डोक्यातून परस गेलं, लसूण गेली, मी गेले, आणि सगळ्यातून ते एवढंच मागे राहिलं होतं. सुई तर द्यायचीच होती, आणि पोटात काही नसताना सुई दिली की काय होतं ते आता घरात सगळ्यांना पाठ होतं. मी चप्पल घातली. म्हटलं, "बाजारातून नवा काटा घेऊन येते."

"थांब," सासरे म्हणाले.

त्यांनी पावाचा तुकडा उचलला. हल्ली ते भीतीपोटी केवढा तरी जाड कापतात, पूर्वीच्या चांगला दुप्पट असेल. तो त्यांनी उजव्या तळहातावर ठेवला, हात डोळ्यांसमोर आणला आणि काटा स्थिरावण्याची वाट बघावी तसे थांबले. सासूबाई त्या हाताकडे एकटक बघत होत्या, बाजारात गिऱ्हाईक बघतं तसं. त्या तुकड्याचं खरं वजन सासऱ्यांना तळहातावर घेतल्या क्षणी कळलं असणार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"साठ ग्रॅम," ते म्हणाले. "बरोबर साठ."

सासूबाईंनी मान हलवली आणि खायला सुरुवात केली.