उजव्या चाकाचा बूट

पुण्याहून आलेल्या साकेतने चहा संपायच्या आतच जाहीर केलं, गाडी विकून टाकू. चाकाजवळ एक्सलच्या जॉइंटवर असतात ती रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटलेत, ग्रीस चाकभर उडालंय, आईचं वय त्रेसष्ट, कशाला पाहिजे गाडी? वर आईला एका शब्दाने न विचारता त्याने प्रफुल्ल नावाच्या एजंटला रविवारी दुपारी बोलावूनही टाकलं. आईचं, शोभाताईंचं, डोकं सणकलं.

नवरा गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या गाडी शिकल्या होत्या. जिल्हा परिषदेत तीस वर्षं नोकरी केली, पण जायच्या कोणाच्या तरी मागे बसून. आता दर गुरुवारी बहिणीकडे पांढरकवड्याला एकट्या जातात. गाडी गेली की पुन्हा दुसऱ्याच्या सवडीने जगणं आलं, आणि ते त्यांना मुळीच नको होतं.

रविवारी सकाळी त्यांनी गाऊनवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि अंगणात जॅक लावला. शेजारचे रहमतभाई मेकॅनिक, पण मनगट प्लास्टरमध्ये. ते खुर्ची टाकून बसले.

"हात गेला, भाभी, तोंड शाबूत हाय. मी सांगतो, तुम्ही करा."

गाडी वळताना कटकट वाजत नव्हती, म्हणजे जॉइंट धड होते. त्यांच्यावरचे चुण्यांचे रबरी बूट तेवढे बदलायचे. डावीकडचं काम दहालाच आटोपलं. शोभाताईंना चेव आला, हात भराभर चालू लागले, आणि घात तिथेच झाला. उजवीकडचा शाफ्ट काढला, जुना बूट कापून फेकला, जॉइंट शाफ्टवरून काढून पुसून लख्ख केला आणि हातोडीने ठोकून शाफ्टवर पक्का बसवला. आतलं लॉक खट्कन अडकलं. मग त्यांची नजर पायरीवर गेली. नवा बूट तिथेच पडला होता. जॉइंटच्या आधी घालायचा तो!

"अरे बाप्पा!" रहमतभाईंनी कपाळावर हात मारला. "चहाच्या नादात माह्यंबी ध्यान नाही राह्यलं."

साकेत पायरीवर बुटाशेजारीच बसला होता. तो हसला नाही, दचकलाही नाही. शोभाताई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"तुले दिसत होतं ना?"

त्याने मान खाली घातली. "हो."

"मंग बोलला काहून नाही?"

"वाटलं, आता तरी सोडशील."

हे त्यांना हातोडीपेक्षा जास्त लागलं. पोटचा पोरगा आई चुकायची वाट पाहत बसला होता! डोळे भरून आले, पण हात ग्रीसने बरबटलेले, पुसणार कशाने? शर्टाच्या बाहीला नाक पुसून त्यांनी हातोडी उचलली.

"भाभी, जॉइंट न काढता वरून चिकटवायचा बूट भेटते बाजारात," रहमतभाई हळूच म्हणाले.

"मले नाही पाहिजे चिकटवलेला. काढते मी पुन्हा."

आणि काढला. जॉइंट सुटेना, तर पाय रोवून ठोकला, दोनदा बोट चेचलं, एक कचकचीत शिवी दिली. रहमतभाईंनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं. या वेळी आधी बूट, मग जॉइंट, मग ग्रीस, मग पट्ट्या. पट्टी आवळताना त्यांनी दात असे आवळले की साकेत उठून उभा राहिला.

चाक चढलं तेव्हा प्रफुल्ल फाटकात येऊन ठेपला होता. त्याने वाकून दोन्ही बूट पाहिले. "काम झकास हाय. हातोहात विकली जाईन."

"विकायची नाही. गाडी माह्या नावावर हाय, मले कोणी विचारलं नाही. तुमचा फेरा फुकट गेला, चहा घेऊन जा."

प्रफुल्लने चहा घेतला आणि गेला. साकेत चाकाशी उभाच होता. त्याने विचारलं, "आणि रस्त्यात तुले काही झालं तं? बाबा गेले तेव्हा मी इथं नव्हतो, आई."

तेव्हा कुठे त्यांना त्याची भीती दिसली. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. काळी बोटं उमटली.

"झालं तं रस्त्यात होईन, साकेत. तू येशीन म्हणून दाराकडे डोळे लावून खाटेवर मी मरणार नाही."

मग त्यांनी किल्ली घेतली आणि ट्रायलला एकट्याच निघाल्या.