न दिलेली आज्ञा

हैबतरावांनी कन्सोलची केबल यंत्रे एकमेकांशी जोडणाऱ्या नेटवर्क स्विचला लावली, लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरची ओळ वाचून त्यांची बोटे जागीच थांबली. प्राथमिक मांडणी सुरू करायची का, असे स्विच विचारत होता. खोक्यातून नुकताच काढलेला नवा स्विच विचारतो, तसेच.

मंगळवारी धाटावच्या या कारखान्यात त्यांनी स्वतःच तो बसवला होता. त्याला नाव दिले, पत्ता दिला, पासवर्ड घातला, टाकीघरातले गॅसचे सेन्सर कंट्रोल रूमशी जोडून दिले. प्रत्येक आज्ञा आधी वहीत, मग यंत्रात, मग वहीत बरोबरची खूण. शेवटची आज्ञा तेवढी राहिली होती: सारे कायमचे जतन करण्याची. ती विसरली नव्हती, राखून ठेवली होती. नवी जोडणी एक दिवस चालू द्यावी. खोट निघाली तर वीज बंद करून चालू करावी, म्हणजे यंत्र चूक विसरून जाते. पंचवीस वर्षांची शिस्त होती ती.

बुधवारी ते पेणला डोळे तपासायला गेले आणि दुपारी इथे चार मिनिटे वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आहेत, हे त्यांना ठाऊक होते. स्विच पुन्हा सुरू झाला तो कोरा. सेन्सरचे आकडे पुढे जाईनात. त्यानंतर टाकीघरात गॅस गळला, तरी कंट्रोल रूमच्या पडद्यावर जुनाच आकडा हिरवा राहिला आणि भोंगा वाजला नाही. हिरामण नावाचा कंत्राटी कामगार आत गेला, तो जिवंत बाहेर आला नाही.

ठपका कंट्रोल रूमच्या पॅनेलवर बसणाऱ्या पोपटवर आला होता. तो ड्युटीवर झोपला, असे चौकशीत ठरत आले होते. उद्या पोलीस त्याला नेणार होते. मॅनेजरसाहेबांनी सकाळी हैबतरावांना एवढेच सांगितले होते की, स्विच बघून घ्या, काय असेल ते नीट करून ठेवा. वही समोर होती. वीस मिनिटांत सारे मंगळवारसारखे झाले असते आणि कोणाला काही कळले नसते.

तेवढ्यात लॉकर रिकामा करायला आलेला पोपट दारात उभा राहिला. हातात डबा आणि हेल्मेट.

"नाना, एक विचारू? माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो काय?"

"का रे?"

"सगळे म्हणतात मी झोपलो. आता मलाबी वाटाया लागलंय. पण आकडा हिरवा होता, त्यो मी बघत होतो."

हैबतरावांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि शिकवताना बोलत त्याच संथ आवाजात, एकही पायरी न गाळता, सारे सांगितले. मग वही उघडली. खूण नसलेल्या शेवटच्या ओळीपुढे 'दिली नाही' असे लिहिले, खाली सही केली, तारीख घातली.

"तू जागा होतास, पोपट. हे घेऊन साहेबांकडे चल, मीही येतो."

पोपटने वही घेतली नाही.

"साहेबांचं मागनं बघू. हिरामणची बायको सरू सकाळधरनं गेटवर बसलीय. मला बघून थुंकली ती. आधी तिला सांगा."

हैबतराव उठले. वही त्यांनी काखेत घेतली. स्विचच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही; तो कोरा होता तसाच ठेवला. खोलीला बाहेरून कुलूप घातले, किल्ली पोपटच्या हातात ठेवली आणि ते गेटकडे चालू लागले.