लाकडांमागचं अंडं

मोठीने सरपणाच्या ढिगामागे खांद्यापर्यंत हात घातला होता, गाल ओल्या ओंडक्याला टेकला होता, आणि नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडून धाकटीची हाक आली.

"ठमे! ए ठमे! कुठं उलथलीस गं बये?"

मोठीने हात तसाच ठेवला. बोटांना अंडं लागलं होतं, अजून कोमट. तिने ते अलगद उचलून स्वेटरच्या आत घेतलं आणि हाक लांब जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. साठीला टेकलेली बाई, तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी उकळलेली, गल्लीत जिच्या शब्दाला मान. आणि लपली कुणापासून, तर स्वतःच्या धाकट्या जावेपासून. कुणी तिला तोंडावर चोर म्हटलं असतं, तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण म्हणणारं कुणी नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

ठमी ही धाकटीची तांबडी कोंबडी. दोन भावांची दोन घरं शेजारीशेजारी, मागची परसं लागून, मध्ये फळ्यांचं कुंपण आणि कुंपणाला खाली एक भगदाड. धाकटीकडे चार कोंबड्या, मोठीकडे तीन. दिवस आखडले, बर्फ पडायला लागला, तशा सहा जणी अंडी द्यायच्या थांबल्या. कोंबड्यांचं ते असंच; उजेड कमी झाला की त्यांना सुट्टी. सातवी ठमी मात्र खुळी. रोज नाही तर एक दिवसाआड ती भगदाडातून यायची, मोठीच्या शेडमध्ये लाकडांमागे अंडं घालायची आणि मुकाट परत जायची. अंडं घातलं की गाव गोळा करणाऱ्या जातीत ही एकटीच मुखदुर्बळ निघाली होती. ओरडली असती तर वाचली असती बिचारी.

पहिलं अंडं सापडलं तेव्हा मोठी ते परत द्यायलाच निघाली होती. अगदी खरं. पण त्याच सकाळी तिचा नवरा आठ दिवसांनी पहिल्यांदा उशीला टेकून बसला होता. जन्मभर दुसऱ्यांचे पंप खोलून दुरुस्त करणारा हा मेकॅनिक. आता त्याच्या स्वतःच्या छातीचा पंप धाप टाकत होता. डॉक्टर म्हणाले होते, अंगात काही राहिलेलं नाही, रोज एक अंडं तरी पोटात जाऊ दे. बाजाराचा रस्ता बर्फाने आठवड्यातले चार दिवस बंद, आणि घरच्या तिन्ही कोंबड्या पिसं फुगवून नुसत्या बसलेल्या. मोठीने अंडं उकडलं. नवऱ्याने विचारलं, "आपल्या घालायला लागल्या का?"

"धाकटीनं पाठवलंय," ती म्हणाली. तोंडाला येईल ते म्हणाली, आणि मग तेच चालू राहिलं.

तिने स्वतःची समजूतही घातली होती, आणि ती तिला पटण्यासारखी होती. मोठी ही रानात हिंडणारी बाई. ऐन थंडीतही पिशवी घेऊन निघायची ती रिकामी परत यायची नाही. मेलेल्या खोडावरची करडी अळंबी, बर्फाने मऊ झालेली रानगुलाबाची लाल फळं, खारींनी विसरलेले अक्रोड, ओढ्याकाठी बर्फ उकरला की मिळणारा हिरवा पाला. कुठल्या खोडावरची अळंबी खायची आणि कुठल्या खोडावरची खाल्ली की मरायचं, हे गल्लीने तिच्याकडूनच शिकायचं. तिचा एक कायदा होता: रानात सापडलं ते सापडणाऱ्याचं. मग लाकडांमागे सापडलेलं कुणाचं?

रान तिला आवडायचं त्याचं खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रानाकडे मागावं लागत नाही. लहानपणी पीठ संपलं की आई पाच भावंडांतून तिलाच पुढे करायची, "जा गं, वाटीभर मागून आण, तुला बघून नाही म्हणणार नाहीत." नाही म्हणायचे नाहीत लोक, पण वाटी भरताना जे बघायचे, ते तिला अजून आठवत होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने ठरवून टाकलं, की या तोंडातून पुन्हा 'दे' निघणार नाही. सव्वीस वर्षं तिने धाकटीला दिलंच होतं. वाळवलेली अळंबी दिली, फळांचा काढा दिला, ओली लाकडं कशी पेटवायची ते शिकवलं, दोन्ही बाळंतपणं केली. घेणारी धाकटी आणि देणारी मोठी, ही घडी कशी मोडायची?

पण कायद्याच्या गोष्टी करणारी ही बाई दुसऱ्याच आठवड्यात लाकडांमागे गवत अंथरून आली. ठमीने जागा बदलू नये म्हणून. शिवाय भगदाडापासून शेडपर्यंत बर्फात तीन बोटांची पावलं उमटायची, ती रोज सकाळी झाडूने पुसायला लागली. पावलं पुसताना तिचा हात दर वेळी क्षणभर अडायचा. रानात तिने कधी कुठली पावलं पुसली नव्हती.

असे दोन महिने गेले.

एकदा दुपारी धाकटी कुंपणाशी आली. डोक्याला शाल, नाक लालबुंद, कडेवर ठमी. धाकटी कोंबड्यांना लेकींसारखी वागवायची, त्यावरून मोठी तिला कायम चिडवायची.

"जाऊबाई, तुम्हीच सांगा आता, काय करू हिचं?"

"का गं? काय केलं तिनं?"

"काही करत नाही हेच तर! ऐन उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त घालायची. दोन महिने झाले, एक अंडं नाही. बाकीच्याही थांबल्यात, पण खाते सगळ्यांत जास्त हीच. दाणा चौघींना पुरेना झालाय. हे फोनवर म्हणतात, फुकट खाणारी कशाला पोसतेस, कापून टाक." तिचा नवरा ट्रक घेऊन घाटापलीकडे अडकला होता. "मला बाई धीर होत नाही. तुमचा शब्द शेवटचा. कापू का?"

ठमी मान वाकडी करून मोठीकडे बघत होती. ओळखीचं माणूस दिसल्यावर बघावं तशी.

आता सांगायला काय हवं होतं? दोन शब्द. 'मला दे.' कोंबडी मला दे, दाणा माझा घालीन, एवढं म्हटलं असतं तरी ठमीचा जीव वाचत होता आणि मोठीचं बिंगही फुटत नव्हतं. मोठीने कुंपणाच्या फळीवरचा बर्फ हाताने झाडला.

"थांब थोडे दिवस," मोठी म्हणाली. "बघ तुझं तू. तुझी कोंबडी."

"बरं," धाकटी म्हणाली. तिला काही तरी ठाम हवं होतं, ते न मिळाल्यासारखी ती परत गेली.

पुढच्या तीन दिवसांत मोठीच्या नवऱ्याचा ताप पुन्हा चढला. लाकडांमागे एक दिवस काही नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नव्हतं. गवतात हात फिरवून मोठी रिकाम्या हाताने घरात आली. फार थंडी आहे म्हणून येत नसेल, तिने मनाशी म्हटलं. मनाला पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता धाकटी दारात. हातात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं, डोळे सुजलेले.

"दादांना ताप आलाय ना परत? सूप केलंय. लसूण जास्त घातलाय, छातीला बरं." तिने पातेलं टेबलावर ठेवलं. "ठमीचं आहे. म्हटलं, कापायचीच तर निदान दादांच्या कामी येऊ दे."

मोठीने फडक्याची गाठ सोडायला घेतली होती, ती अर्ध्यावरच सोडली.

"एक सांगू जाऊबाई? कुणाला सांगू नका." धाकटीचा आवाज फुटला. "साफ करताना आत बघितलं तर बलकांची माळ होती हो. मोठा, लहान, त्याहून लहान. आणि शेवटाला एक पुरं अंडं, कवच धरलेलं. घालत होती ती! मी उगाच... मग अंडी जात होती कुठं?"

"घूस असेल," मोठी म्हणाली.

इतकी पटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली.

"घूस? एवढ्या बर्फात?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून नवऱ्याची हाक आली. भिंत पातळ, त्याला निम्मं ऐकू आलं होतं. "धाकटे, तू आहेस होय गं? ये ये. तुझे आभार मानायचे राहिलेत बघ. रोजचं अंडं पाठवतेस म्हणून तर उठून बसायला लागलो होतो मी."

पातेल्यातून वाफ येत होती. धाकटीने आधी आतल्या दाराकडे बघितलं, मग मोठीकडे. मोठी टेबलावरच्या रेषा बघत होती. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं.

मग धाकटी उंच आवाजात म्हणाली, "त्यात काय दादा! घरचीच तर होती. तुम्ही गरम गरम सूप घ्या, मी येते परत." आणि हळू आवाजात, मोठीला, "कुठं घालायची?"

भांडली असती तर सोपं होतं. मोठीला भांडता यायचं. ती पुढे झाली, मागचं दार उघडलं, शेडमध्ये गेली आणि पुढचे चार ओंडके बाजूला काढले. मागे गवताचा गोल होता, मधोमध कोंबडीच्या अंगाने पडलेला खळगा आणि एक तांबडं पीस.

धाकटी उकिडवी बसली. "गवत तिनं नाही आणलं."

"मी घातलं."

"कशाला?"

"परत यावी म्हणून." आता एवढं सांगितलं तर पुढचंही तोंडातून निघालं. "पावलं पण पुसायची मी. झाडूनं."

धाकटीने खळग्यात हात ठेवला.

"परवा मी तिला काठीनं हाणलं, जाऊबाई. ऐतखाऊ म्हणाले तिला. दोन दिवस दाणा कमी घातला, बाकीच्यांना पुरावा म्हणून. बाहेरसुद्धा सोडली नाही." मोठी रडेल असं धाकटीला वाटलं असेल, पण रडू धाकटीलाच आलं. "हिनं कसं सांगायचं मला?"

"माझं चुकलं गं."

"मागितलं असतं तर दिलं असतं की. तुम्हाला नाही तर कुणाला देणार होते मी? सव्वीस वर्षांत एकदा काही मागितलंत? मला वाटायचं, आपल्याकडे तुम्हाला द्यायजोगं काही नाहीच."

हे मात्र मोठीला आतून लागलं. आपण देत होतो तेव्हा धाकटीला काय वाटत असेल, हे सव्वीस वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं. धाकटी उठली, गुडघ्याचा भुसा झटकला.

"पांढरी कोंबडी कालपासून घालायला लागलीय. दादांना रोज एक लागेल, ते मिळेल. पण मी पाठवणार नाही." तिने नाक पुसलं. "उद्या या. पुढच्या दारानं या, आणि मागा."

ती भगदाडाकडे न जाता घराला वळसा घालून रस्त्याने गेली.

नवऱ्याने सूप घेतलं, चांगलं झालंय म्हणाला, आणि तू पण घे म्हणाला. मोठीने घेतलं. घेतलं नसतं तर त्याने कारण विचारलं असतं. एकेक घोट गिळताना तिला वाटत होतं, शिक्षा म्हणतात ती हीच, आणि ही फार कमी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. धाकटीच्या पुढच्या दारापर्यंत साठ पावलं असतील. या साठ पावलांत तिने तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही टाकून दिली. 'तुझी पांढरी घालतेय म्हणे.' 'यांना जरा बरं वाटतंय.' 'बदल्यात अळंबी आणलीत.' सगळी वळसा घालून जाणारी. तिने दार वाजवलं.

धाकटीने उघडलं. एरवी दार उघडायच्या आधीच 'या या जाऊबाई' सुरू व्हायचं. आज ती चौकटीला हात लावून उभी राहिली. रागाने नाही, नुसती थांबली.

मोठीचे कान तापले. "एक अंडं दे," ती म्हणाली. मग, जरा वेळाने, "दे गं."

"देते की," म्हणून धाकटी आत गेली आणि दोन घेऊन आली.

"एकच मागितलं मी."

"दुसरं तुमच्यासाठी. अवतार बघितलाय का स्वतःचा? मला काय ठाऊक नाही? सगळी दादांनाच घातली असणार तुम्ही. स्वतः चाखलं पण नसणार."

मोठीने दोन्ही हात पुढे केले होते. घेऊन निघायचं, एवढंच राहिलं होतं. धाकटीने तिला आपणहून इतकं चांगलं ठरवून टाकलं होतं की ती मुकाट राहिली असती तरी चाललं असतं.

"खाल्लीत मी," ती म्हणाली. "चार. चुलीपाशी उभ्यानं. यांना न सांगता. भूक लागली होती."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग एक अंडं आपल्या ॲप्रनच्या खिशात परत टाकलं आणि दुसरं मोठीच्या हातात ठेवून तिची बोटं त्यावर मिटवली.

"सांभाळून उतरा," ती म्हणाली. "पायरी निसरडी झालीय."