डाव्या हातातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. आपली हकिकत सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मी शिंप्याची कात्री, वीतभराहून लांब, पितळी मुठीची. औशाच्या एका टेलर मास्तरांनी मला घेतलं आणि त्यांच्यानंतर मी त्यांच्या शिष्याकडे, व्यंकटीकडे आले. चाळीस वर्षं मी त्याच्या हातात होते. व्यंकटीकडे दिलेलं कापड कधी वाया जात नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, तेव्हा मी मनातून फुगायचे. मला कागद लावायची कुणाची हिंमत नव्हती, कारण कागदाने धार जाते. मग घरोघर तयार कपडे आले, दुकानाला कुलूप लागलं आणि मी स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या फाडू लागले. त्याचाही राग आला होता, पण तो गिळला.

यंदाच्या मे महिन्यातला राग मात्र गिळवत नाही.

व्यंकटीची नात रेणुका नऊ वर्षांची आहे. आईबाप दिवसभर कामावर. दुपारी ऊन मी म्हणत असतं, म्हणून दार बंद आणि पोरगी आत. कंटाळून तिने जुन्या लग्नपत्रिकांचं खोकं काढलं. त्यांवरचे गणपती आजीने आधीच कापून देवघरात ठेवले होते. रेणुकाने कणकेची खळ शिजवून घेतली. पत्रिकांचे पोपट करायचे, दोऱ्यात ओवायचे आणि आई यायच्या आत दाराला लावायचे, असा तिचा बेत होता. तिने मला उचललं ते डाव्या हाताने.

पत्रिका माझ्या पात्यांत दुमडली आणि कुरतडली गेली. तेवढ्यात सरजाबाईने, म्हणजे तिच्या आजीने, तिच्या हातावर चापट मारली.

"उलट्या हातानं काय करायलीस? उजव्या हातात धर."

उजव्या हातात मी लटपटले आणि पोपटाची मान उडाली.

"हिच्या हातात कसबच न्हाई," आजी म्हणाली. "घे तो मोबाईल अन् पड गपगार."

खोटं! मित्रांनो, साफ खोटं! दोष त्या पोरीचा नव्हता, माझा होता. मला उजव्या हातासाठी घडवलं आहे. उजवा हात मला मिटतो तेव्हा माझी पाती एकमेकांना चिकटतात. डावा हात तसाच मिटला की ती फाकतात, आणि मध्ये सापडलेला कागद दुमडतो. शिवाय माझी मूठ अंगठ्याला चावते, ती वेगळीच.

आणि हे व्यंकटीला ठाऊक होतं! तो खाटेवर बसून सगळं बघत होता. बारा वर्षांचा असताना तो मास्तरांकडे शिकायला आला, तेव्हा मी मास्तरांच्या गादीवर होते. त्यानेही मला डाव्या हातानेच उचललं होतं. मास्तरांनी कापड मोजायच्या लोखंडी गजाने त्याची बोटं सुजवली, रोज, पावसाळाभर. शेवटी तो उजव्या हाताने कापड बेतायला शिकला आणि त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द बोलला नाही. बायकोजवळही नाही. असा माणूस नातीला चापट बसताना भिंतीकडे तोंड करून बसतो, याला काय म्हणावं?

तीन दिवस पोरगी मोबाईल घेऊन पडून राहिली. खळ वाळून गेली. चौथ्या दिवशी ती पुन्हा पत्रिका घेऊन बसली आणि हात पुन्हा डावाच पुढे आला. तेव्हा सरजाबाईने परकराची नाडी काढून तो हात तिच्या कमरेला बांधला.

"चार दिवस ऱ्हाऊ दे. हाताला वळण लागंल."

सरजाबाई दुष्ट नाही. लोक पोरीला नावं ठेवतील, एवढीच तिला भीती. पण भीतीने बांधली तरी गाठ गाठच असते, आणि रेणुकाचा हात लाल झाला होता.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "माझा हा हात वाईट हाय का?"

व्यंकटी उठला. त्याने मला उचललं. डाव्या हाताने. आणि एका फटक्यात ती नाडी कापली.

सरजाबाईने तुटलेली नाडी उचलली. "अहो, तुमी बी?"

"हाव. माझा बी हाच हात हाय. मास्तरनं मारून मारून बदलला."

मग त्याने रेणुकाला जवळ घेतलं. "हे बघ बाळा. अंगठा आपल्याकडं वढायचा अन् बोटं भाईर ढकलायची. उलटा जोर. बघ, पाती चिकटली." पत्रिका सरळ कापली गेली. कागद होता, माझी धार जात होती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी दाराला अकरा पोपट लागले. त्यांत मान उडालेला पहिलाही होता. तो रेणुकाने खळीने जोडून मुद्दाम मधोमध लावला. मग ती आजोबांकडे वळली.

"आजोबा, तुमाला म्हाईत होतं तर पयल्या दिवशीच का न्हाई सांगितलं?"

व्यंकटी खाली मान घालून बोटांची खळ पुसत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं कापलेलं वाकडं आलं तर आधी कात्री तपासा. पोराच्या हाताला दोष देण्याची घाई करू नका. मास्तरांना मी कधीच माफ करणार नाही, पण ते निदान अडाणी होते. व्यंकटीला सगळं कळत होतं. त्याच्या उत्तराची वाट मी अजून बघते आहे, आणि ती पोरगीही.