बोट लावून सांगणारा मिस्त्री

भिवापूरच्या बाजाराच्या तोंडाशी आमच्या व्याह्यांची गाडी एकदम डावीकडे कलली आणि नाक घासत थांबली. उतरून बघते तर पुढचं चाक मोडलेल्या पायासारखं बाहेर फाकलेलं. नशीब, ब्रेकरवरून हळूहळू उतरत होतो. मागे मी, माझी लेक वंदना आणि तिच्या मांडीवर तिची पोरगी. पुढे चंपतराव, म्हणजे वंदनाचे सासरे, स्वतः चालवत होते. कोणाला खरचटलंही नाही. पण मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण ही गाडी आदल्या दिवशीच माझ्या नवऱ्यानं तपासली होती आणि 'जा बिनधास्त' म्हणून सांगितलं होतं.

माझा नवरा म्हणजे रुपराव मिस्त्री. नागपुरात कामठी रोडला आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. इंजिनाला हे हात लावत नाहीत, फक्त पुढच्या चाकांचं काम करतात. त्यातही नाव झालं ते बॉल जॉइंटमुळे. माणसाच्या खुब्यात कशी गोटी आणि वाटी असते, तशीच गाडीच्या चाकाखाली असते. वरून रबराची टोपी, आत ग्रीस. टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरतं, ग्रीस सुकतं, वाटी झिजते आणि एक दिवस गोटी वाटीतून निसटते. हे कळतं कसं? चाक जॅकवर उचलायचं, एकानं ते वर-खाली हलवायचं आणि दुसऱ्यानं जॉइंटला बोट लावून बसायचं. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकलं तर डोळ्यांनाही दिसतं, पण तोवर बरंच झिजलेलं असतं. सुरुवातीचा ढिलेपणा बोटालाच कळतो. हे तर टॉमीला हातच लावायचे नाहीत. 'टॉमी लावे तो लोहार,' म्हणायचे. मोठी ऐट होती त्या बोटांची, आणि खोटं कशाला सांगू, मलाही होती.

तर भिवापूरला गर्दी जमली. मिरच्यांची पोती उतरवणारे हमालसुद्धा येऊन उभे राहिले. तिथला एक मेकॅनिक खाली वाकला, फाटलेलं रबर त्यानं बोटानं उचकटून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "कोण्या आंधळ्यानं पाह्यली होती हे गाडी?"

चंपतरावांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रस्त्यात एकाले दाखवली होती," म्हणाले.

देवमाणूस. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही उलट दोन सुनावल्या असत्या. पण त्यांनी झाकलं, आणि मी ते झाकू दिलं. 'माझ्या नवऱ्यानं पाहिली होती' एवढं बोलायला काय जात होतं माझं? पण मी डोक्यावरचा पदर सारखा करत राहिले, आणि वंदना पोरीचं नाक पुसत राहिली, जे वाहतही नव्हतं.

परतलो ते एसटीनं. वंदनानं फोन करून बापाला सांगितलंच होतं. मी घरी आले तेव्हा हे खाटेवर बसले होते. जेवण तसंच झाकलेलं. वाटभर दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. म्हटलं, गिऱ्हाइकाची गाडी असती तर एक वेळ ठीक, पण लेकीच्या सासऱ्याची गाडी, आणि तीत आपली नात. जीव गेला असता म्हणजे?

"टॉमी काहून नाही लावली?" मी विचारलं.

"चंपतराव इवायासमोर कशी लावू? ते म्हणतीन, मिस्त्रीचा हात गेला."

"मंग बोटानं काय पाह्यलं तुम्ही?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडे धरले, कोणाला काही द्यायचं असल्यासारखे. "मले समजतच नाही वं कौसल्या. रबरावर बोट फिरवलं, मले अख्खंच वाटलं. मागच्या उन्हाळ्यापासून असंच आहे. शुगरनं बोटं मेले माह्ये."

उन्हाळ्यापासून हा माणूस रोज सकाळी शर्ट घालून माझ्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, लाव ना वं बटणं. मला वाटायचं, म्हातारपणी लाड सुचताहेत. मी खोटं खोटं रागवायचे आणि मनातून खूश व्हायचे. शेजारच्या इंदूबाईंनी एकदा खिडकीतून पाहिलं, तर मी नव्या नवरीसारखी लाजलेसुद्धा. त्याला बटण हाताला लागत नव्हतं, आणि मी येडी लाजत होते. आता जी लाज वाटली ती कुठे ठेवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गॅरेजवर गेले तेव्हा दुर्गेशची व्हॅन जॅकवर चढलेली होती. दुर्गेश शाळेची पोरं ने-आण करतो. 'काका, वळताना कटकट करते,' ही त्याची तक्रार. यांनी चक्क टॉमी घेतली होती. उचकून बघितलं, दुर्गेशच्या मोबाईलच्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं, पण काही दिसेना. दुर्गेश घाईत होता. म्हणाला, सांगा ना काका लवकर, शाळा सुटाची वेळ झाली. आता हे 'काही नाही, जा' म्हणतात की काय, म्हणून मी डबा बाजूला ठेवला.

यांनी मला हाक मारली. "अवं, इकडं ये. बस खाली. हात दे."

मी लुगडं आवरून चाकाशी बसले. माझं बोट धरून त्यांनी आत, गोटी-वाटीच्या सांध्यावर टेकवलं. मग उभे राहून चाक वर-खाली हलवू लागले. आधी काहीच कळेना, सगळं नुसतं चिकट. मग कळलं. पडायला आलेला दुधाचा दात जिभेला जसा लागतो, तसं.

"हलते," मी म्हटलं.

"माह्यासाठी नको सांगू."

"हलते म्हणते ना. चाक वर गेलं का टक् करते."

दुर्गेश हसायला लागला. काकू, तुम्ही कधीपासून मिस्त्री झाल्या? हे हसले नाहीत. चाकावर हात ठेवून उभे होते. शेजारचा पंक्चरवाला ऐकत होता, रस्त्यापलीकडच्या गॅरेजातला सौरव ऐकत होता, तरी आवाज जराही खाली न करता बोलले.

"तिचंच खरं मान गा दुर्गेश. माह्या बोटाले आता काही समजत नाही. परवा इवायाची गाडी मीच पास केली, आन् भिवापुरात तिचं चाक निघालं."

दुर्गेशचं हसू विरलं. बिचारा पोरगा वाईट नाही. कधी यांच्या हातांकडे, कधी माझ्या हाताकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, मग काका, काम मी समोर सौरवकडे करून घेतो, राग नका मानू. यांनी मान हलवली आणि एवढंच म्हटलं, "कोठीही कर, पण आत्ताच कर. पोरं बसतात तिच्यात."

व्हॅन रस्ता ओलांडून सौरवच्या जॅकवर चढली. सौरवनं खाली हात घातला, त्याच्या माणसानं चाक हलवलं. मग आमच्याकडे वळून सौरवनं होकारार्थी मान डोलावली. मला वेडीला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवणार होते. यांच्याकडे बघितलं आणि हात आवरला. गावात कोणाचाही बॉल जॉइंट असो, रुपराव मिस्त्रीला दाखव, असं म्हणणारी माणसं याच रस्त्यावर राहतात. तो शब्द आज संध्याकाळपर्यंत बदलणार होता, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

ते आत गेले. चहासाठी स्टोव्हवर ठेवलेलं पाणी त्यांनी तांब्यात ओतलं, धुण्याची पावडर घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसले. माझी बोटं ग्रीसनं काळी झाली होती. तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "आधी पाह्य वं. मले गरम-थंड समजत नाही."

मी बोट बुडवलं. "कढत आहे," मी सांगितलं.

त्यांनी माठातलं पाणी त्यात घातलं आणि पुन्हा विचारलं, "आता?"